पट्ट्यातली दुसरी धडधड

सरपंच अर्धा जिना चढला आणि तिथंच बसून राहिला. तोंड उघडं, कुत्र्यासारखी धाप लागलेली. हर्षदानं गच्चीच्या दारातून हाक मारली तरी त्यानं मान वर केली नाही. मांजराला असं तोंड वासून श्वास घेताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

सरपंच हा कराडच्या पिसाळांच्या घरातला बोका. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बदली होऊन गेले तेव्हा त्याला मागंच सोडून गेले. आई कुठल्याशा परदेशी जातीची, झुबकेदार शेपटीची. बाप गल्लीतलाच कुणीतरी. अंगानं दांडगा, चाल सावकाश, आणि कुणाच्याही घरात शिरला तरी थेट मधोमध जाऊन बसणार. म्हणून आप्पांनी त्याचं नाव सरपंच ठेवलं होतं.

आप्पा म्हणजे हर्षदाचे वडील सुहास पिसाळ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. हर्षदाचा नवरा गुजरातच्या किनाऱ्यालगत समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता, महिना महिना तिकडंच असायचा. त्यामुळं आई गेल्यावर हर्षदा लेकीला, रेवाला घेऊन आप्पांकडेच राहायला आली. गावाबाहेर तिनं उसाच्या रोपांची रोपवाटिका टाकली होती. घरात चौथा हा बोका, आणि चौघांत सगळ्यात जास्त लाड त्याचेच.

त्याच संध्याकाळी तिनं त्याला टोपलीत घालून डॉ. तहसीन मुजावरांकडं नेलं. तहसीन कराडच्या प्राण्यांच्या दवाखान्यात होत्या, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या तर आडपडदा न ठेवणाऱ्या. त्यांनी सरपंचाच्या बरगडीवर तपासणीचा दांडा फिरवला, पडद्यावरची हलणारी करडी आकृती हर्षदाला दाखवली आणि म्हणाल्या, "हर्षदाताई, याच्या हृदयाचा स्नायू जाड होत चाललाय. मांजरांत हा आजार पुष्कळ. आणि लबाड आजार आहे, मांजर अगदी गळ्याशी येईपर्यंत दाखवत नाही."

"कशानं होतो? आम्ही खायला काही चुकीचं घातलं का?"

"नाही हो. जन्मतःच घेऊन आलाय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हृदयाचा स्नायू म्हणजे एकमेकांत सरकणाऱ्या बारीक तंतूंच्या जुड्या. तंतू सरकले की हृदय आवळतं, सुटले की सैलावतं. या तंतूंना लगाम घालणारं एक प्रथिन असतं आणि ते कसं बनवायचं हे एका जनुकात लिहिलेलं असतं. त्या लिखाणात एखादं अक्षर चुकलं की लगाम ढिला पडतो. मग स्नायू गरज नसताना जोर काढत राहतो आणि तालमीतल्या पैलवानाच्या दंडासारखा फुगत जातो. फरक एवढाच, की फुगतो तो आतल्या अंगाला. भिंती जाड, मधली जागा अरुंद. रक्त तुंबतं, त्याची गुठळी होते आणि ती मागच्या पायांकडं गेली तर मांजर उभ्या उभ्या लुळं पडतं. नाहीतर कधीतरी ठोक्यांचा ताल बिघडतो आणि चांगलं खातंपितं जनावर उडी मारता मारता संपतं.

"पूर्वी मी इथं थांबायचे आणि गोळ्या लिहून द्यायचे," तहसीन म्हणाल्या. "आता दुरुस्ती निघालीय. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बांधलेलं औषध शिरेतून देतात. ते स्नायूच्या पेशीत शिरतं, नेमकं चुकलेलं अक्षर शोधतं आणि तेवढंच बदलतं. बाकीच्या मजकुराला हात लावत नाही. झालेलं सगळं ओसरत नाही, पण पुढचं थांबतं."

हर्षदाला हे कळायला जड गेलं नाही. तिच्या रोपवाटिकेच्या प्रयोगशाळेत एका मातृरोपाच्या कणापासून हजारो रोपं निघत आणि त्या एका कणात खोट असली तर ती सगळ्यांत उतरे.

दुरुस्तीआधी काही आठवडे सरपंचाचं हृदय घरी, निवांत असताना ऐकणं गरजेचं होतं. दवाखान्यात आणलेल्या मांजराचं काळीज भीतीनंच दुप्पट पळतं. ते मोजून उपयोग काय? त्यासाठी तहसीननी त्याच्या छातीला एक मऊ पट्टा बांधला. पट्ट्यात हृदयाचा आवाज आणि हादरे टिपणाऱ्या चकत्या होत्या. टिपलेलं सगळं दवाखान्यातल्या संगणकाकडं जायचं. हजारो मांजरांची हृदयं ऐकून ऐकून शिकलेला एक प्रोग्राम तिथं त्याचा अर्थ लावायचा.

सरपंचानं पहिल्या दिवशी पट्टा चावून पाहिला, दुसऱ्या दिवशी नाद सोडला.

महिनाभरात तहसीनचा फोन आला. "ताई, एकट्या येऊ शकाल? बोका नको. आप्पाही नकोत."

हर्षदा गेली तेव्हा तहसीननी खोलीचं दार लोटून घेतलं.

"सरपंच दुपारी कुठं झोपतो?"

"आप्पांच्या छातीवर. जेवणं झाली की दोघं एकदमच आडवे होतात. का?"

तहसीननी पडद्यावर दोन रेषा लावल्या. एक घाईघाईनं उड्या मारत चाललेली, तिच्याखाली दुसरी, संथ. "पट्ट्याला घरातले बाकीचे आवाजही ऐकू येतात. पंखा, मिक्सर, टीव्ही. प्रोग्राम ते कचरा म्हणून टाकून देतो. ही खालची रेघ मात्र त्यानं टाकली नाही. तिच्यावर त्यानं शेरा मारलाय: आजारी मांजर, ठोके अतिशय मंद. त्याला वाटलं, घरात दुसरं मांजर आहे."

हर्षदाला आधी हसू आलं. मग ते ओठांवरच थांबलं.

"मी जनावरांची डॉक्टर आहे," तहसीन म्हणाल्या. "माणसाच्या रोगावर बोलायचा मला अधिकार नाही आणि कुणी विचारलं तर मी बोलले नाही असंच मला सांगावं लागेल. पण माणसाचं आणि मांजराचं हे जनुक सख्ख्या भावंडांसारखं आहे. बिघाडाचा आवाजही सारखाच. आप्पांना माणसांच्या डॉक्टरकडं न्या. लवकर."

घरी जाताना हर्षदानं गाडी नदीकाठी बाजूला घेतली. आप्पांचं वय झालं होतं. त्यांच्याबद्दल वाईट ऐकायची तिनं मनाशी थोडीफार तयारी केलेली होती. पण चुकलेलं अक्षर आप्पांपाशी थांबलेलं असेलच असं नव्हतं. ते तिच्यात उतरलेलं असेल तर तिच्यातून पुढं रेवात. रेवा अकरावीत होती, कबड्डीत जिल्ह्याची चढाईपटू. राज्याच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती. लहानपणी हिनं कसा पाळण्यातच दम धरायचा सराव केला, असं आप्पा आल्यागेल्याला सांगत.

आप्पांपाशी विषय काढला तेव्हा ते अंगणात सरपंचाला विंचरत बसले होते.

"बोक्याच्या पट्ट्यावरनं माझं काळीज तपासलं होय तुमच्या डॉक्टरीणबाईंनी?" ते म्हणाले. "मला काय धाड भरलीय? रोज आगाशिवच्या पायथ्यापर्यंत चालून येतो."

"चालून येता, पण परवा चढावर बसलात. रेवानं सांगितलं मला."

"चप्पल लागली होती."

"आप्पा, आपल्या घरात कुणाला असलं काही होतं का? दिलीपकाका..."

आप्पांचा हात थांबला. "दिलीपला काही आजार नव्हता. त्याला जालिंदरनं मारलं."

ही गोष्ट हर्षदानं जन्मापासून ऐकली होती. दिलीप हा आप्पांचा धाकटा भाऊ, तेविशीतला, तालुक्यातला नावाजलेला कबड्डीपटू. यात्रेतल्या सामन्यात त्यानं चढाई केली आणि जालिंदर मदनेनं त्याची पकड केली. दोघं जिवलग मित्र, पण त्या दिवशी संघ वेगळे. पकडीत जालिंदरचा गुडघा दिलीपच्या छातीला लागला. दिलीप उठला, दोन पावलं चालला आणि पडला तो पडलाच. आप्पांनी पोलिसांत जबानी दिली की गुडघा मुद्दाम मारला. कोर्टात काही टिकलं नाही, पण पोलीस भरतीत निवडला गेलेला जालिंदर त्या खटल्यापायी बाहेर राहिला. पंचेचाळीस वर्षं झाली. जालिंदर कराडजवळच, ओगलेवाडीला राहत होता. समोरून येताना दिसला तर आप्पा रस्ता बदलत.

"डॉक्टरकडं मी येणार नाही," आप्पा म्हणाले आणि कंगवा घेऊन आत गेले. त्यांना मरणाची भीती नव्हती. दिलीपलाही हाच आजार निघाला तर जालिंदरवरचा आळ खोटा ठरेल, ही त्यांची खरी भीती हर्षदाच्या ध्यानात आली, पण ते बोलून दाखवायचं धाडस तिला झालं नाही.

शिबिराला जायचा दिवस जवळ आला. हर्षदानं रेवाला सांगितलं, "या वर्षी नको. अभ्यासाचं बघ."

रेवा जेवता जेवता थांबली. "मागच्या महिन्यात तूच बूट आणलेस नवीन. आता अभ्यास? खरं काय ते सांग."

हर्षदानं दोन-तीन सबबी सांगून पाहिल्या. एकही टिकली नाही. शेवटी तिनं सगळं सांगितलं: पट्टा, दुसरी रेघ, अक्षराची चूक. रेवा ऐकत राहिली. ती चिडेल, रडेल असं हर्षदाला वाटलं होतं. रेवानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"म्हणजे मी मैदानात मरेन म्हणून तू मला घरात ठेवणार. आणि का ठेवलंस ते मला कधी सांगणारही नाहीस."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. सरपंचाला विचारता येत नाही म्हणून त्याला न विचारता पट्टा बांधलास. मला विचारता येतं, आई. मला तपासून घ्यायचंय. असेल तर असेल. पण माझ्या काळजात काय लिहिलंय ते सगळ्यात आधी मला कळू दे."

दारात आप्पा उभे होते. कधी आले ते कुणालाच कळलं नव्हतं. त्यांनी भिंतीला हात टेकला होता आणि चेहरा उतरला होता.

"उद्या पुण्याला निघायचं," ते म्हणाले. "आधी माझं बघा. माझ्यात नसेल तर पोरीला सुई टोचायलाच नको."

पण त्यांच्यात होतं. अहवाल समोर ठेवून पुण्याच्या हृदयतज्ज्ञ बाई शांतपणे बोलत होत्या. तेच जनुक, तसलीच चूक. आप्पांच्या हृदयाची भिंत पुष्कळ जाड झाली होती. या वयात दुरुस्तीचा फारसा फायदा नव्हता, पण ताल सांभाळणारं छोटं यंत्र आणि गोळ्या यांवर ते निभावणार होते. हर्षदातही चूक होती, मात्र तिचं हृदय जसंच्या तसं होतं. काहींना चूक असूनही जन्मभर काही होत नाही. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही, असं बाई म्हणाल्या. आणि रेवाच्या हृदयाची भिंत नुकतीच कुठं जाड व्हायला लागली होती.

"हिच्याच वयाच्या मुलांसाठी ही दुरुस्ती आहे," बाई म्हणाल्या. "माणसांना ती द्यायची परवानगी अलीकडचीच. मांजरांत आधी यशस्वी झाली म्हणून इथवर आलो. एक ध्यानात ठेवा, ही फक्त हृदयापुरती. पुढं हिला मुलं झाली तर त्यांचं पुन्हा पाहावं लागेल. आणि निदान वर्षभर खेळ बंद."

रेवानं मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ती बाईंकडंच बघत राहिली. "वर्षानंतर?"

"वर्षानंतर भिंत बघू. मी आज शब्द देणार नाही, पण मला आशा आहे."

आप्पा बाहेर पडायला उठले आणि पुन्हा बसले. "डॉक्टर, माझा भाऊ खेळताना गेला. छातीला गुडघा लागला होता."

"आधी कधी चक्कर आली होती त्यांना?"

"त्याच आठवड्यात दोनदा. आम्ही म्हणालो, ऊन लागलं असेल."

बाईंनी आप्पांचा अहवाल पुन्हा उघडला. "जे गेले त्यांना तपासता येत नाही. धक्का निमित्त झालाही असेल. पण तुमचा अहवाल आणि त्या चकरा बघता, हा आजार त्यांच्यातही होता असंच मी म्हणेन. निरोगी काळजाचा मुलगा त्या धक्क्यानंतर उठून पुढची चढाई करायला गेला असता."

परतीच्या वाटेवर कराड जवळ आलं तसे आप्पा म्हणाले, "गाडी ओगलेवाडीकडं घे."

रेवा मागच्या सीटवर झोपली होती; हर्षदा आप्पांबरोबर उतरली. जालिंदर मदने बॅटरीच्या दुचाकी दुरुस्त करणारं दुकान चालवत होता. हात काळे, केस पांढरे, गुडघे दुखत असल्यानं उंच स्टुलावर बसलेला. आप्पांना दारात पाहून तो उभा राहिला. बोलावं की नाही हे त्याला समजेना. मग त्यानं फडक्याला हात पुसले आणि आतून तांब्याभर पाणी आणलं.

"दादा, बसा. पाणी घ्या आधी."

आप्पांनी पाणी घेतलं. ते बसले नाहीत. हर्षदाला वाटलं आपण दोन शब्द बोलावेत, पण आप्पांनीच सुरुवात केली, अडखळत, डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे आठवत. अक्षराची चूक, जाड भिंत, चकरा. "दिलीपच्या काळजातच ते होतं, जालिंदर. माझ्यात आहे. माझ्या नातीत आहे. आज कळलं."

जालिंदर हळूहळू स्टुलावर बसला.

"मी गुडघा मुद्दाम लावला नव्हता," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"मला नव्हतं ठाऊक, दादा." जालिंदर म्हणाला. "तुम्ही म्हणायचात मुद्दाम मारला, लोक म्हणायचे चुकून लागला. मी रोज आठवून बघायचो. पकडताना मनात राग होता का? होताच जरासा, सामना होता. मग त्यापायीच जोर जास्त लागला का? इतकी वर्षं माझं मलाच ठरवता आलं नाही. दोन्ही पोरांना मी मैदानावर पाऊल ठेवू दिलं नाही."

"तुझी भरती माझ्या जबानीनं गेली."

"गेली. तिचं आता मी काय करू?" जालिंदर बाहेर रस्त्याकडं बघत म्हणाला. त्यात क्षमा नव्हती आणि भांडणही नव्हतं. मग त्यानं विचारलं, "नात खेळते म्हणे?"

"चढाई करते. दिलीपसारखीच डावीकडून."

जालिंदरनं फडकं डोळ्यांना लावलं. दुकानातल्या माणसानं मालकाला असं कधी पाहिलं नसावं. तो हातातला पाना घेऊन मागच्या बाजूला निघून गेला. आप्पा मग जालिंदरच्या शेजारी खोक्यावर बसले. अंधार पडायला लागला तेव्हा हर्षदानंच त्यांना उठवलं.

सरपंचाची दुरुस्ती त्याच महिन्यात झाली, रेवाची त्यानंतर. सलाईनसारखीच एक पिशवी, दोन दिवस ताप, आणि मग नुसती वाट बघणं. सरपंच हळूहळू जिना चढायला लागला. पुढं एक दिवस तो फ्रिजवर बसलेला सापडला आणि त्याच्या डोळ्यांदेखत आप्पांनी मोबाईलवर तहसीनना ही बातमी कळवली.

रेवाला मात्र ते वर्ष जड गेलं. शिबिरातल्या मैत्रिणी पुढं गेल्या, संघात दुसरी चढाईपटू आली. ती मैदानाच्या कडेला बसून गुण मोजायची आणि घरी येऊन दार लावून घ्यायची. तिच्याही अंगावर आता माणसांसाठी केलेली पट्टी होती, आप्पांच्या छातीत यंत्र होतं, सरपंचाचा पट्टा होताच. तिघांचे ठोके हर्षदाच्या फोनवर उमटत. रोपवाटिकेत रोपं लावताना, बाजारात भाजी घेताना ती फोन काढून बघे. रेवा जिना भरभर चढली तरी रेघ उंचावे आणि हर्षदाचा जीव खालीवर होई. नवरा समुद्रावरून बोलला तरी पहिलं वाक्य ठोक्यांचंच. तो एकदा म्हणाला, "अगं, पोरगी कशी आहे ते विचारलं मी."

वर्ष सरल्यावर पुण्याच्या बाईंनी पडद्यावर जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी ठेवलं. भिंत वाढली नव्हती. उलट जरा उतरली होती. "हळूहळू सुरू कर," त्या रेवाला म्हणाल्या. "दमलीस की थांब. लाजू नकोस थांबायला."

पहिला सामना गावातल्याच दोन संघांचा होता, सरावाचा. आप्पा आले. ओगलेवाडीहून जालिंदर आला आणि आप्पांपासून एक खुर्ची सोडून बसला. हर्षदा रेषेपाशी उभी होती, हातात फोन. रेवा बुटाची नाडी बांधून तिच्याकडं आली.

"आई, तो बंद कर."

"मी नुसती बघते गं. तुला काही म्हणणार नाही."

"तू त्याच्यात बघशील आणि मी खेळताना तुझ्या तोंडाकडं बघेन. मला नाही खेळता यायचं तसं. डॉक्टरांकडं जातंय ना सगळं? काही झालं तर ते ओरडतीलच. तू माझ्याकडं बघ."

हर्षदानं फोन बंद केला. तो पिशवीत टाकला, पिशवीची चेन लावली आणि पिशवी आप्पांच्या मांडीवर नेऊन ठेवली.

रेवा चढाईला गेली. कबड्डी कबड्डीचा घोष एका दमात, डावीकडून, खांदा खाली झुकवून. कोपऱ्यातल्या मुलीला तिनं हूल दिली, मधलीला हात लावायला वाकली आणि तेवढ्यात मागून एकीनं तिचा घोटा धरला. बाकीच्या तिच्यावर कोसळल्या. धुळीत मुलींचा ढीग झाला होता आणि त्याच्या तळाशी तिची मुलगी होती.

ढीग सुटला. रेवा उठली, चड्डीवरची माती झटकली आणि पंचाशी वाद घालायला लागली, की माझा हात रेषेला लागला होता. पंच ऐकेना. ती पाय आपटत बाहेर आली, आईच्या हातातली बाटली ओढून घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "डोळे फुटलेत त्याचे. बाद नव्हते मी."

"बादच होतीस," जालिंदर खुर्चीतून म्हणाला. "वाकलीस फार. परत गेलीस की कंबर वर ठेव."

रेवानं त्याच्याकडं रागानं पाहिलं, मग कंबर वर ठेवून उभं राहून बघितलं. हर्षदा तिच्या घामानं थबथबलेल्या, रुसलेल्या चेहऱ्याकडं बघत होती. पोरगी चिडली होती ती फक्त बाद झाल्यामुळं, दुसऱ्या कशानंही नाही. इतका साधा राग हर्षदानं वर्षभरात पाहिला नव्हता.